हाड अजून उघडं आहे

बास्केटबॉलमध्ये रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला आमच्याकडे पिव्हट म्हणतात. दोन-दोन माणसं अंगावर घ्यायची आणि बोर्डाला लागून आलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, सगळ्यांच्या डोक्यावरून उचलायचा, हे त्याचं काम. आमचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सगळेच नुसतं सर म्हणतो, त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गार्ड मी घडवतो. पिव्हट आईच्या पोटातून येतो." म्हणून पिव्हट निवडताना ते मुलाचा खेळ सगळ्यात शेवटी बघायचे. आधी मनगट हातात घ्यायचे आणि बाजारात दुधी बघावा तसं फिरवून बघायचे. मग बूट कितीचा लागतो ते विचारायचे. मग गालावरून बोट. गाल गुळगुळीत लागला की त्यांचा चेहरा खुलायचा. "हाड अजून उघडं आहे," म्हणायचे. म्हणजे याची वाढ संपलेली नाही. दाढी फुटली की वाढ थांबली, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबर यायचा.

मी त्या संघाची फिटनेस ट्रेनर. मुलुंडला भाड्याने घेतलेल्या एका बंदिस्त हॉलमध्ये आमचा सराव चालतो. मुलांना पळवणं, वजनं उचलवून घेणं, त्यांची मापं घेणं हे माझं काम. त्याशिवाय हंगामाच्या आधी प्रत्येक तरुण खेळाडूबद्दल एक अहवाल लिहायचा. हा आज काय आहे ते नको, दोन-तीन वर्षांनी काय होईल ते लिही, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संघाचे मालक अंधेरीच्या ऑफिसात बसतात. ते सरावाला येत नाहीत. सरांचा शब्द आणि माझा अहवाल बघून ते कोणाला लांबचा करार द्यायचा ते ठरवतात.

मी तालुक्याच्या गावातली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात एक रिंग होती, तिला बोर्ड नव्हता. नेम चुकला की चेंडू सरळ शेजारच्या ज्वारीत जायचा. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शारीरिक शिक्षणात एम.पी.एड. करून मुंबईला आले तेव्हा बहुतेक ठिकाणी मला विचारलं, झुंबा शिकवता येतो का. सरांनी विचारलं, "सहा-सहा फुटांची पोरं तुझं ऐकतील का?" मी म्हटलं, "नाही ऐकलं तर पळवीन." त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मुलुंडलाच त्यांच्या ओळखीच्या एका काकूंकडे माझी राहायची सोय केली, आणि पहिला पगार होईपर्यंत काकूंनी भाड्याचं नावही काढू नये, असं त्यांना बजावून ठेवलं. मला ते मास्तरीणबाई म्हणतात. पुढे जे सांगणार आहे ते वाचून सर वाईट माणूस वाटतील. ते तसे नाहीत, म्हणून हे आधी सांगितलं.

माहुलचा मुलगा आमच्याकडे आला तो एका ऐकीव गोष्टीमुळे. कोणीतरी सरांना म्हणालं, माहुलच्या बिल्डिंगींत एक पोरगा आहे, ट्यूबलाइट बदलायला स्टूल घेत नाही. सर दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले आणि त्याला घेऊनच आले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि बास्केटबॉलला त्याने हातही लावलेला नव्हता. दोन वर्षांत तो इतकं शिकला की जुने खेळाडू त्याच्याशी खेळताना दमायला लागले. उंच मुलं बहुतेक वेळा पाय ओढत फिरतात. याचे पाय हलके होते. डाव्या पायावर गर्रकन वळून तो चेंडू असा अलगद टाकायचा, की समोरच्याला तो निसटल्याचं रिंगचा आवाज झाल्यावरच कळायचं. त्याहून मला आवडायचं ते वेगळंच होतं. काहीही सांगितलं की तो विचारायचा, "का, ताई?" मी अहवालात ते लिहिलं होतं. शिकण्याची तयारी उत्तम.

महिन्याच्या सुरुवातीला मापं घेतली जायची. इतर मुलं पटापट उरकायची. याच्या वेळी मात्र सगळे गोळा व्हायचे, कारण मी जेमतेम पाच फूट, आणि त्याच्या डोक्यावर पट्टी टेकवायची तर मला स्टुलावर चढावं लागायचं.

"स्टूल आणा रे, ताई गड चढतेय!"

"ताई, वरून ठाणं दिसतंय का बघ ना."

"अबे लंबू, मिशी कुठे विसरलास? एकवीसचा झालास ना?"

"मिशी तुमच्याकडे ठेवा," तो मान न हलवता म्हणायचा. "रिबाउंड माझ्याकडे."

तो थोडा जरी वाढलेला निघाला तरी सर खिशात हात घालून समोरच्या दुकानातून पेढे मागवायचे. ही आमच्याकडची रीतच झाली होती. सहा फूट सातवर तो आला होता आणि आता सहा फूट दहाच्या पुढे गेला होता. आपल्याकडे असा पिव्हट शोधून सापडत नाही. सर पेढ्याचा अर्धा तुकडा स्वतः त्याच्या तोंडात घालायचे. त्याच्या गालावर एक केस नव्हता आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद सरांना होता.

खटकणारी एकच गोष्ट होती. समोरून आलेला पास तो डोळे मिटूनही घेईल असं वाटायचं. बाजूने आलेला पास मात्र त्याच्या खांद्याला नाहीतर कानाला लागून बाहेर जायचा.

"हाताला साबण लावून आलास का?" सर ओरडायचे.

"लंबू, कानाने नाही रे, हाताने पकडायचं असतं!"

तोही हसायचा. कधी डोकं दुखतंय म्हणून कपाळाला घट्ट रुमाल बांधून खेळायचा. घाम इतका यायचा की त्याच्या जागी पुन्हा पुन्हा फरशी पुसावी लागायची. बूट तंग झाले, तेव्हा त्याच्या मापाचे मुंबईत मिळाले नाहीत, बाहेरून मागवावे लागले. या सगळ्याला सरांकडे उत्तर होतं आणि ते पटण्यासारखं होतं. "घर मोठं झालंय, वायरिंग जुनंच आहे. अंग झपाट्याने वाढतं तेव्हा पोरं आदळतातच. बसेल हळूहळू." मलाही तसंच वाटायचं. मी टेनिसचे चेंडू आणून त्याला झेलायला लावले. समोरून टाकलेला एकही त्याने सोडला नाही.

लांबचा करार करायचा तर आधी मुलाच्या घरी जाऊन आई-वडील बघायचे, ही सरांची पद्धत. आईबापांची हाडं बघितल्याशिवाय मुलाची वाढ सांगता येत नाही, असं ते म्हणायचे. याला तीन वर्षांचा करार मिळणार हे जवळजवळ ठरलंच होतं, पंधरवड्यात सह्या व्हायच्या होत्या. म्हणून आम्ही दोघं माहुलला गेलो.

लिफ्ट बंद होती. सातवा मजला. जिन्यातच तेलाचा वास घशात बसला. पलीकडे रिफायनरीच्या चिमण्या. घाटकोपरला नाल्याकाठची त्यांची झोपडी पाडली तेव्हा त्यांना इथे घर मिळालं होतं. तेव्हापासून वडिलांचा श्वास बिघडला. ते रंगकाम करायचे, ते सुटलं. आई घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात हाउसकीपिंगला. ती नुकतीच आली होती, कामावरचा निळा अ‍ॅप्रन अजून अंगावरच होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या शेजारी मुलाचा संघाच्या जर्सीतला फोटो.

सर पाणी पिता पिता तिच्याकडे बघत होते. ती माझ्याहून ठेंगणी होती. वडील चारचौघांसारखे.

"मामा, काका कोणी उंच?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही सर. हिंगोलीकडं आमच्या गावात याच्याएवढं दारच नाही."

"मग देवाची देणगी म्हणायची."

"देवाचं काढू नका सर, आम्ही बुद्धाचे," ती हसून म्हणाली. "याचं अंगच तसलं. दर सहा महिन्याला चपला. एकविसाव्या वर्षी कुणाच्या चपला लहान होतात का हो मॅडम?"

सर खो-खो हसले. तिनेही गंमत म्हणूनच विचारलं होतं. मग पोहे खाल्ले. ती सांगत होती, सही झाली की मुलुंडला खोली बघायची, यांच्या छातीला तिकडची हवा मानवेल. खोली म्हटल्यावर वडिलांनी मान वर केली. निघताना तिने मला दारात धरलं. "मॅडम, होईल ना याचं?"

"होणार," मी म्हटलं.

तो आम्हाला सोडायला खाली येत होता. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी बादली घेऊन कठड्याला धरून वर येत होती. त्याच्या अगदी शेजारी. तो बोलत बोलत सरळ तिच्यावर गेला. बादली घरंगळत खालच्या मजल्यावर गेली.

"मुडद्या, डोळे आहेत का बटणं बसवलीत?"

"दिसली नाहीस गं आजी, खरंच," तो म्हणाला आणि बादली आणायला धावला. तो खोटं बोलत नव्हता. भर दुपार होती, जिन्याला मोठी खिडकी होती.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मी त्याला थांबवलं. कर्णधारही थांबला, गंमत बघायला. मी त्याला रिंगकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. "रिंगकडेच बघ. नजर हलवायची नाही. मी मागून चेंडू पुढे आणते. दिसला की बोल."

मी त्याच्या उजव्या कानामागून चेंडू हळूहळू पुढे आणायला लागले. कान गेला, गाल गेला. मी जवळजवळ त्याच्या समोर आले तेव्हा तो म्हणाला, "हां, दिसला." डावीकडूनही तसंच. मग मी कर्णधाराला त्या खुर्चीत बसवलं. चेंडू कानाशी आला नाही तोच तो म्हणाला, "दिसला."

कर्णधार उठून उभा राहिला. "अबे, मस्करी नको ना करू."

"मस्करी नाही. तिथे काही नव्हतंच."

"अंधार दिसतो का?" मी विचारलं.

"अंधार नाही ताई. काहीच नसतं. मला वाटलं सगळ्यांनाच एवढं दिसतं."

आम्हाला कॉलेजात मेंदूखालच्या एका ग्रंथीबद्दल शिकवलं होतं. वाटाण्याएवढी असते, अंगाची वाढ तिच्या हातात असते, आणि डोळ्यांकडून येणाऱ्या नसा तिच्या अगदी वरून जातात. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या हॉलमध्ये ते ओळीनं आठवत गेलं. तिथे गाठ झाली तर वाढ थांबत नाही. दाढी-मिशी येत नाही, डोकं दुखतं, घाम येतो. गाठ वर सरकली की आधी दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. जे जे आम्ही त्याचं भविष्य म्हणून मोजत होतो ते सगळं त्या यादीत होतं.

मला खात्री नव्हती. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना दाखवायला हवं, एवढं मी त्याला तिथेच सांगितलं, का तेही सांगितलं. कर्णधाराला मी बाहेर पाठवलं होतं.

तो बराच वेळ बूट काढत बसला.

"सही कधी आहे?"

"पंधरवड्यात."

"मग तोवर गप्प बस ना ताई."

"अरे, डोळ्यांचं आहे."

"दोन वर्षं एवढ्यावरच खेळलो ना? अजून पंधरा दिवस खेळतो. बाबांना तिथून काढायचंय मला. तू बघितलंस ना घर? वास बघितलास?"

मी सरांना सांगितलं. त्यांना न सांगता काही करणं मला सुचणंच शक्य नव्हतं. ते आधी चिडले. "डॉक्टर कधीपासून झालीस?" मग मी चेंडूचं सांगितलं. खुर्चीत मागे टेकून त्यांनी छताकडे बघितलं आणि मग शांतपणे बोलले.

"हे बघ. सही झाली की संघाचा विमा त्याला लागू होतो. मग आपण त्याला चांगल्या डॉक्टरला दाखवू. आज दाखवलंस तर सहीही नाही आणि विमाही नाही. पोरगा माहुलला परत. हे त्याच्या भल्याचं आहे का, तू सांग."

"आणि तेवढ्यात आणखी दिसेनासं झालं तर?"

"दोन वर्षांत नाही झालं ते पंधरा दिवसांत होणार?"

मी तशीच उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "मास्तरीणबाई, मी तुला इथे आणलं." त्यात धमकी नव्हती. आठवण करून दिल्यासारखं म्हणाले. धमकी असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घाटकोपरला त्याच्या आईच्या हॉस्पिटलात गेले. ती मागच्या जिन्यात पायरीवर डबा उघडून बसली होती. मी शेजारी बसून सांगितलं. सह्यांचं सांगितलं, विम्याचं सांगितलं, सर काय म्हणतात तेही सांगितलं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही.

"डोळे जातात का याने?" तिने विचारलं.

"जाऊ शकतात. माहीत नाही."

"आणि सही?"

"ती बहुतेक जाईल."

तिने भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "मला आधी का नाही सांगितलं, ते नंतर विचारेन त्याला," ती म्हणाली. "डोळे गेलेला माणूस घरात कोण धरून बसणार, मॅडम? याचा बाप तर स्वतःच धरून चालतो." ती उठली आणि सुपरवायझरला दुसऱ्या दिवशीची सुट्टी मागायला गेली.

डोळ्यांच्या तपासणीला मीही गेले. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात त्याने हनुवटी टेकवली. आत कुठेतरी बारीक दिवा लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. त्याला बसायला ते स्टूल पुरत नव्हतं, तो दुमडून बसला होता. मी पडद्याबाहेर होते. यंत्राचा टिकटिक आवाज येत होता आणि बटणाचा येत नव्हता.

"झोपलास काय रे? बटण दाब ना," तपासणारा म्हणाला.

"दिसलं की दाबतो ना."

बटण एकदा वाजलं. मग पुन्हा नुसती टिकटिक. त्याची आई माझ्या शेजारी हातात रिपोर्टची पिशवी धरून उभी होती.

मग मेंदूचा स्कॅन झाला. गाठ होती, आणि बारीक नव्हती. तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी फिल्म उजेडात धरली, मग त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, कारण मी संघाची म्हणून गेले होते.

"एकविसाव्या वर्षी याची उंची वाढतेय, हे तुम्हाला कुणालाच विचित्र वाटलं नाही?"

"आम्हाला आनंद व्हायचा," मी म्हटलं.

अंधेरीच्या ऑफिसात मला बोलावलं तेव्हा तिथला अधिकारी माझ्याशी फार चांगलं वागला. कॉफी दिली. मुलाची तब्येत विचारली. मग म्हणाला, तुमच्या अहवालात हा भाग नाही, तो घालून द्या. मी तिथेच बसून घातला. उंची यापुढे वाढणार नाही, वाढू द्यायची नाही. नजर किती परत येईल ते ऑपरेशननंतर कळेल. औषधं बहुधा जन्मभर. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आमच्या शुभेच्छा आहेत त्याला." करार झाला नाही, त्याला महिनाअखेरपर्यंतचा पगार मिळाला.

ऑपरेशन महापालिकेच्या हॉस्पिटलात झालं, नाकातून. पलंग अपुरा पडला म्हणून पायथ्याशी एक बाक लावला होता. त्याचे पाय त्या बाकावर, चादरीच्या बाहेर, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. सर सकाळपासून कॉरिडॉरमध्ये होते. मी त्याच्या आईला सांगितलं त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मी शेजारी जाऊन बसले. मग एकदम म्हणाले,

"आधी एक पोरगा होता माझ्याकडे. विदर्भातला. याच्यासारखाच. गाल गुळगुळीत, हातात साबण."

"मग?"

"मग काय. काढला. पास घेता येत नाही, ठेवून काय करू?" त्यांनी चष्मा काढला. "नंतर कळलं, गावी विहिरीत पडून गेला. सगळे म्हणाले प्यायला असेल. मीही म्हटलं, प्यायला असेल."

समोरून एक स्ट्रेचर गेलं.

"तो पीत नव्हता गं," सर म्हणाले.



नजर थोडी परत आली. डावीकडची बऱ्यापैकी, उजवीकडची फारशी नाही. आणखी येईल का, तर आता नाही, असं सांगितलं. उंची थांबली. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांनी त्याला मिशी फुटली, तेव्हा मुलं माहुलला जाऊन त्याला रेझर देऊन आली. खूप हसले म्हणे. वडिलांचा श्वास तिथेच, त्याच हवेत चालू होता.

वर्ष उलटल्यावर तो पुन्हा हॉलवर यायला लागला. सरांनी त्याला चावी दिली होती, सकाळी संघ यायच्या आधी खेळ म्हणून. मी लवकर जाऊन बघायची. तो जड झाला होता, लवकर दमायचा. पण डाव्या पायावरचं ते वळणं तसंच होतं. फरक एवढाच की तो आता सारखी मान फिरवायचा. चेंडू घ्यायच्या आधी उजवीकडे, वळायच्या आधी उजवीकडे. तेवढ्या वेळात समोरचा माणूस पोचतो. रिकाम्या हॉलमध्ये ते कळत नव्हतं.

एका सरकारी कंपनीच्या संघात जागा निघाली. त्यात खेळाबरोबर कायमची नोकरी असते, क्वार्टर असतं. त्याने अर्ज केला, चाचणीही बरी दिली. मग त्यांच्या प्रशिक्षकाचा मला फोन आला.

"मॅडम, मुलगा तुमच्या हाताखालचा आहे. किती पुढे जाईल?"

"पाय चांगले आहेत. डोकं चांगलं आहे. शिकवलेलं विसरत नाही."

"वाढ?"

"संपली."

"आणि नजर? तो म्हणतो ठीक आहे."

ठीक आहे, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. क्वार्टर नवी मुंबईत होतं, तिथे खिडकीतून रिफायनरीच्या चिमण्या दिसल्या नसत्या. पण मला रिंगखाली दोन माणसं त्याच्या उजवीकडून येताना दिसत होती, आणि वर उचललेल्या त्यांच्या कोपरांच्या उंचीवर त्याचं डोकं.

"उजवीकडचं कमी दिसतं," मी म्हटलं. "गर्दीत आदळेल. डोक्याला लागलेलं त्याला चालणार नाही."

"मग घेऊ का नको?"

"ते तुम्ही ठरवा, सर."

"तुम्हीच ठरवलंत की, मॅडम," ते म्हणाले. रागावून नाही.

संध्याकाळी तो हॉलबाहेर उभा होता. त्याला कळलं होतं. "तुला फोन आला होता ना?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

त्याने मान हलवली. "म्हणजे दुसऱ्यांदा काढलंस मला."

मला समजावून सांगायचं होतं. ते कोपर, ते डोकं. पण ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "आई काय म्हणाली?"

"आई म्हणते, ताई होती म्हणून डोळे राहिले. मी पण म्हणतो. चार लोकांत विचारलं की म्हणतो."

"आणि एरवी?"

"एरवी नाही म्हणत." त्याने बॅग खांद्यावर घेतली. "राग नको मानू. खोटं बोलायला तुझ्यासारखंच मलापण नाही येत."

बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडे होता आणि सिग्नलच्या आधीच रिक्षा सुसाट सुटत होत्या. मी त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि चालायला लागले. का ते त्याच्या लक्षात आलं. मध्यावर एकदा त्याने सवयीने मान उजवीकडे वळवली, मी तिथे दिसले, आणि पुढे बसस्टॉपपर्यंत त्याने ती वळवली नाही. बस आली. तो वाकून आत चढला.